छंदोबद्ध पथ्य

२ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

नवी वही, नवं पेन, नवा माणूस. काल नऊ दिवसांनी हॉस्पिटलातून घरी आलो. स्वादुपिंडाला सूज आली होती. नाव किती गोड आहे! इतक्या रसिक नावाचा अवयव एकाहत्तर वर्षं आपल्या पोटात बिऱ्हाड करून होता आणि आपल्याला पत्ता नाही. डॉक्टरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, आजोबा, जीभ बाहेर काढा.

कारण म्हणे रक्तातली चरबी. ट्रायग्लिसराइड. दीडशेच्या आत हवं, माझं निघालं दोन हजार शंभर. रक्ताची नळी स्टँडमध्ये उभी ठेवली, तर थोड्या वेळाने वर पांढरा थर. सिस्टर म्हणाली, आजोबा, तुमच्या रक्तावर साय आलीय. इतकी चित्रदर्शी ओळ गेल्या वीस वर्षांत मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही.

दुखण्याबद्दल लिहीत नाही. झालं ते झालं. (बेंबीच्या वर कोणीतरी स्क्रू घालून तो पाठीतून बाहेर काढत होतं, एवढी नोंद असू दे.)

आता महिनाभर कडक पथ्य. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. चार वर्षांनी ही ताईंकडे, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीकडे, पंधरा दिवस राहायला निघाली होती. निळी बॅग भरून दाराशी ठेवलेली, आणि त्याच दुपारी माझं पोट. तिकीट रद्द. ही एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. आता नवं तिकीट ३० तारखेचं. लेकीने फोनवरून अट घातली आहे: २७ ला रक्त तपासायचं, आकडा पाचशेच्या खाली आला तरच आईने बाबांना एकटं सोडून जायचं.

मी म्हणालो, पाचशे कसले, चारशे करून दाखवतो.

ही म्हणाली, आधी तोंडातलं बिस्किट संपवा.

साधं बिस्किट होतं.

३ मार्च, मंगळवार. दुपारी १२.३०

आहारवाल्या बाईंकडे जाऊन आलो. वयाने लेकीएवढ्या, आवाजाने हेडमास्तरीण. ही औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती, म्हणून मी एकट्यानेच सगळं ऐकून घेतलं. बरंच झालं. दोघांनी ऐकलं की घरी येऊन वाद होतात.

बाईंनी छापील कागद दिला, त्यावर लाल पेनाने खुणा केल्या. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. तेल दिवसभरात दोन छोटे चमचे. लोणी, साय, चीज, केक, तळलेलं, गोड: बंद. अंड्यातलं फक्त पांढरं. गोळी जेवताना. दारू जन्मात नाही. (ती मी कधीच घेतली नाही, त्यामुळे त्या बाबतीत त्यागाचा आनंद मिळाला नाही.)

मग टेबलावर प्लास्टिकचा छोटा वजनकाटा ठेवून म्हणाल्या, असा एक घ्या आणि सगळं मोजून खा. मी तो उलटा करून पाहिला. विचारलं, ठसा कुठाय? म्हणाल्या, कसला ठसा, सेल आहेत त्यात. मग मला सांगणं भागच पडलं. चौतीस वर्षं वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होतो. ठसा क्रमांक ४७. ज्या काट्यावर ठसा नाही तो काटा नव्हे, खेळणं. ताई एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख होत्या. त्यांचा पितळी तराजू दोन ग्रॅमने खोटा निघाला. सख्खी थोरली मेव्हणी! तरी मी सील ठोकलं. दोन दिवस सगळ्या रुग्णांना नुसता ब्रेड आणि दूध. तराजू दुरुस्त होऊन आला तेव्हाच माझ्या हाताने ठसा मारून पास केला. असा माणूस मी.

बाई म्हणाल्या, पुढचा पेशंट.

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी

गद्य लक्षात राहत नाही. हा दोष माझा नाही, गद्याचा आहे. चौथीतली करवतीवरची कविता अजून चालीसकट पाठ आहे, पण काल दुपारी काय खाल्लं ते आठवत नाही. (ही म्हणते, सोयीचं असतं ते.) चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. खिडकीतून उन्हाची पट्टी फळ्यावर पडलेली, खडूची पूड त्या पट्टीत तरंगतेय, गुरुजी टेबलावर दोन बोटांनी ताल धरतायत. पाठांतराच्या स्पर्धेत मी मधली एक ओळ विसरलो होतो. थांबलो नाही. त्या जागी स्वतःची ओळ घातली, यमकासकट. वर्गात टाळ्या! तेव्हापासून मला ठाऊक आहे की हे आपल्या रक्तात आहे. साय नंतर आली.

तेव्हा ठरलं: पथ्य छंदात बांधायचं. अष्टाक्षरी. एका ओळीत आठ अक्षरं, ना कमी ना जास्त. सबंध दुपार बसलो. जमलं!

सहा वेळा थोडे थोडे
खावे बसून निवांत;
तेल चमचे ते दोन
प्रत्येकच जेवणात.

लोणी साय चीज केक
यांना दुरून नमन;
कधीमधी भेट व्हावी,
हलके राहते मन.

अंड्यातील पांढरे घ्या,
पिवळ्यावर न राग;
गोळी घ्यावी जेवताना,
फुलेल पोटाची बाग.

तेलापाशी तासभर अडलो होतो. 'दिवसभरात दोन' ही ओळही मोजून आठ अक्षरांची, पण 'निवांत'शी यमक जुळेना. आणि 'निवांत' काढायचं म्हणजे कडव्याचा प्राण काढायचा. मग 'जेवणात' सुचलं. किंचित फरक पडतो, पण गाभा तोच: दोन.

'बंद' हा शब्द कवितेत कसा दिसेल? दारावर पाटी लावल्यासारखा. म्हणून 'नमन'.

सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावली. बाईंचा कागद शब्दकोशात जपून ठेवला.

५ मार्च, गुरुवार

हिने फ्रिजसमोर उभं राहून कविता तीनदा वाचली. एखादी कविता हिने तीनदा वाचल्याचं लग्नानंतर हे पहिलंच उदाहरण. मग म्हणाली, प्रत्येक जेवणात दोन चमचे? बाईंनी असं सांगितलं?

मी म्हणालो, दोन हा आकडा बाईंचाच आहे.

आणि कधीमधी भेट?

मी म्हणालो, शास्त्र आता बदललंय.

ही म्हणाली, मग नऊ दिवस तुम्हाला पाण्यावर कशाला ठेवलं होतं, तेव्हाच बदलायचं ना. मूळ कागद दाखवा.

शब्दकोशात 'आ' उघडला. आहार. तिथे नाही. पुस्तकाचं पान न् पान कोण चाळणार? म्हणालो, मिळेल सावकाश. हिने खांदे उडवले आणि कढईत दोन चमचे तेल घातलं. भाज्यांना बऱ्याच दिवसांनी आवाज आला.

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. चार्टचा फोटो पाठवा म्हणाली. कवितेचा पाठवला. तिचा पुन्हा फोन. बाबा, ही कविता आहे. मी म्हणालो, चार्टच आहे, फक्त छंदोबद्ध. ती म्हणाली, बाबा, मला चौकोन असलेला कागद हवाय. मी म्हणालो, चौकोनात बसेल ते आयुष्य नव्हे. ती म्हणाली, आईला फोन द्या.

दोघी बराच वेळ बोलल्या. मी बाल्कनीत बसून ट्रायग्लिसराइडवर एखादी ओळ होते का ते पाहिलं. होत नाही. रुक्ष स्वभावाचा शब्द आहे.

दूध स्किम्ड आणलंय. दुधाच्या पत्त्यावर आलेला रिकामा लिफाफा.

९ मार्च, सोमवार. सकाळी ११

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. चालण्याचा रस्ता बेकरीवरून जातो. दुसराही रस्ता आहे, पण त्याला चढ आहे.

बेकरीवाला मला नोकरीच्या दिवसांपासून ओळखतो. तेव्हा मी आत शिरलो की हा नुसता घाम पुसायचा. आता हसतो. म्हणाला, या साहेब, नवा काटा घेतलाय, एकदा नजर टाका. माणूस निवृत्त झाला तरी डोळा निवृत्त होत नाही. बटर लावलेला एक बन ठेवून पाहिला. एकशे वीसला एकशे वीस. शाबास!

पण तपासणीचा नमुना पुन्हा विक्रीला ठेवायचा नसतो. असा नियम आमच्या खात्यात होता की नव्हता ते नक्की आठवत नाही, पण असायला हवा होता. नमुन्याची विल्हेवाट जागीच लावली.

ही नोंद जेवणात धरू नये. ही कामाची नोंद आहे.

१२ मार्च, गुरुवार

पथ्य उत्तम चालू आहे. सहा वेळा खातो, बसून, निवांत. कवितेत म्हटलंय त्यापेक्षा वेगळं काहीही करत नाही. शिस्त म्हणजे काय ते आजच्या तरुणांनी येऊन बघावं.

बेकरीत पुन्हा गेलो. एका तपासणीवरून काट्याचा स्वभाव कळत नाही. सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं. आज क्रीमच्या केकचा तुकडा. अचूक.

संध्याकाळी छत्री आला. ऐन उन्हाळ्यात, ढगाचा पत्ता नसताना छत्री घेऊन फिरतो, म्हणून छत्री. चौथीपासूनचा मित्र. त्याला कविता म्हणून दाखवली. तो म्हणाला, चाल छान आहे, पण अरे, तुला बरं व्हायचंय की वन्स मोअर हवाय? छत्रीला कवितेचं अंग नाही. नव्हतंच.

१४ मार्च, शनिवार

ही ताईंसाठी शाल विणतेय. जांभळी. आज विणता विणता गुणगुणत होती. मी पेपर खाली केला नाही, म्हटलं केला तर थांबेल. चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

ताई एकोणऐंशीच्या आहेत. दोघी रोज फोनवर बोलतात, आणि भेटल्यावर काय बोलायचं तेही फोनवरच ठरवतात. ही त्यांना म्हणत होती, यंदा नक्की गं, यांनी फार मनावर घेतलंय.

घेतलंच आहे. चारशे नाही, साडेतीनशे करून दाखवणार.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी ३

पोटात वरच्या बाजूला किंचित काहीतरी. दुखणं नव्हे, जाणीव. पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. वाचताना मी तसाही वाकूनच बसतो. त्यामुळे दिवसभर वाचतो. आजार माणसाला व्यासंगी करतो.

हिने विचारलं, असे का बसलात? म्हणालो, अक्षर बारीक आहे. ही म्हणाली, पुस्तक बंद आहे.

२० मार्च, शुक्रवार

बेकरीची तपासणी चालू. खातं असतं तर अहवाल पाठवला असता. बेकरीवाला आज म्हणाला, साहेब, आजारी होता ना? चालतं का हे? मी म्हणालो, पथ्यातच आहे, आणि त्याला दुसरं कडवं म्हणून दाखवलं. तो इतका भारावला की मला लिहून द्या म्हणाला. काचेच्या कपाटावर लावलंय. केकच्या बरोब्बर वर. 'कधीमधी भेट व्हावी, हलके राहते मन.' तीन गिऱ्हाइकांनी माझ्यासमोर वाचलं आणि तिघांनीही केक घेतला.

आयुष्यात पहिल्यांदा माझी कविता प्रसिद्ध झाली.

२३ मार्च, सोमवार

हिने निळी बॅग पलंगाखालून काढली. पुसली. आत कागद अंथरले. मी आठवण करून दिली की रिपोर्ट अजून यायचाय. ही म्हणाली, तुम्हीच म्हणता ना साडेतीनशे.

म्हटलं खरं.

मग माझ्यासाठी पंधरा दिवसांची व्यवस्था सांगत बसली. गोळ्यांची डबी वारांनुसार भरलेली. सूपचे डबे फ्रीझरमध्ये, प्रत्येकावर चिठ्ठी. गॅस बंद केलाय का ते दोनदा बघायचं. लेक रोज फोन करेल. मी सगळ्याला हो म्हणालो. मध्येच थांबून म्हणाली, खरंच जमेल ना तुम्हाला? डोळ्यांत बघून विचारलं.

मी म्हणालो, तू निवांत जा.

२५ मार्च, बुधवार. सायंकाळी ६

परवा रक्ततपासणी. उद्यापासून अगदी कडक, बेकरीचं नावही नाही. तेव्हा आज रीतसर निरोप घेतला पाहिजे. बटर बन एक, क्रीम केक दोन, चीजचं काहीतरी गरम गरम होतं ते एक. सगळी वजनं बरोबर. बेकरीवाल्याशी हस्तांदोलन केलं. दोघांचेही हात तुपकट. गहिवरून आलं.

घरी येऊन हिची बॅग पलंगावरून खाली उतरवून दिली. जड आहे. पाठीत चमक भरली. बॅगेमुळेच.

२६ मार्च, गुरुवार. सकाळी ७

बॅगेमुळे नाही.

२७ मार्च, शुक्रवार. हॉस्पिटल

डाव्या हाताला सलाईन. उजव्याने लिहितोय. काल दोनदा उलटी, आणि तोच स्क्रू, या वेळी अधिक लांबीचा. तोंडाने पाणीसुद्धा नाही. तीच सिस्टर. नळी उजेडात धरून म्हणाली, आजोबा, तुम्ही पुन्हा?

रक्त आजच तपासायचं होतं, ते आजच तपासलं गेलं. एवढं मात्र ठरल्याप्रमाणे.

एक हजार सातशे चाळीस.

छापील कागदावर हा आकडा अगदी ठसठशीत येतो. कुठेच बसत नाही.

२८ मार्च, शनिवार

आहारवाल्या बाई आल्या. हिने फ्रिजवरून कविता काढून सोबत आणली होती, ती त्यांच्या हातात दिली. बाईंनी वाचली. मला वाटलं, निदान अक्षराबद्दल काही म्हणतील.

त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा खाता? म्हणालो, सहा. दर वेळी तेल? म्हणालो, दोन. त्या म्हणाल्या, आजोबा, बे सक किती?

पाढे मला येतात. चालीवर येतात. तीसपर्यंत. चौतीस वर्षं दुसऱ्यांची मापं पकडली. मी छताकडे बघत राहिलो. वर दोन ट्यूबलाइट, एक बंद.

शेवटी हीच म्हणाली, बारा.

बाई म्हणाल्या, मी दिवसभरात दोन लिहून दिले होते. हिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, खोटं बोलावं. पण सुचेना, पोट रिकामं असलं की प्रतिभा चालत नाही. म्हणालो, 'निवांत'ला यमक जुळत नव्हतं.

हिने बाईंच्या हातातून कविता परत घेतली, तिची घडी घातली. मग म्हणाली, यमकासाठी?

एवढंच. आणि पाण्याची बाटली भरून आणते म्हणून गेली. मला पाणी बंद आहे. हे तिला ठाऊक होतं.

बेकरीचं मी अजून सांगितलेलं नाही.

२९ मार्च, रविवार. दुपारी ४

छत्री भेटायला आला. बाहेर कडक ऊन, काखेत छत्री. मी म्हणालो, अरे, एक ओळ बदलली तर एवढा गहजब. चौथीत बदलली होती तेव्हा वर्गाने टाळ्या दिल्या होत्या.

छत्री म्हणाला, वर्गाने नाही रे. मी एकट्याने दिल्या. गुरुजींनी तुला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं, आणि टाळ्या वाजवल्या म्हणून मलाही. विसरलास?

म्हणालो, मला तसं आठवत नाही.

छत्री म्हणाला, तुला कधीच आठवत नाही. म्हणून तर तुझ्याबरोबर मजा येते. आणि निघताना माझी चादर नीट केली. मूर्ख माणूस.

नंतर ही आली. जांभळ्या शालीचा शेवटचा काठ विणत बसली. विचारलं, बॅग? म्हणाली, रिकामी केली. तिकीट? म्हणाली, सकाळीच केलं रद्द. ताई काय म्हणाल्या? म्हणाली, काय म्हणणार, तब्येतीला जप म्हणाल्या. सुया चालू होत्या. गुणगुणणं नव्हतं. वर न बघता म्हणाली, एकोणऐंशी आहे ती. प्रत्येक वेळी पुढच्या वेळी म्हणायचं, तर पुढच्या वेळा किती उरल्यात?

यावर मला ओळ सुचली नाही. प्रयत्नही केला नाही. ही या वहीतली महत्त्वाची नोंद आहे.

३० मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

हिची गाडी आत्ता सुटली असेल. हिच्याशिवाय.

ही चहा प्यायला खाली गेली तेव्हा ताईंना फोन लावला. म्हटलं, उगाच लांबण नको, पण सवयीने चौथीतल्या करवतीच्या कवितेपासून सुरुवात झाली. ताई म्हणाल्या, इन्स्पेक्टरसाहेब, मुद्द्यावर या. (माझ्या नावाने त्यांनी मला शेवटची हाक मारली ती मी तराजूला सील ठोकण्याच्या आदल्या दिवशी.)

मग सगळं सांगितलं. तेल दिवसभरात दोन होतं, जेवणात दोन मी केलं. लोणी बंद होतं, नमन मी केलं. बेकरीचंही सांगितलं, नमुन्यांसकट. तिचा काही दोष नाही म्हणालो, तिने मूळ कागद मागितला होता. तिला यायचं होतं. तिने तुमच्यासाठी शाल विणलीय, तीही जांभळी.

पलीकडून धाप लागल्यासारखा आवाज. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या. एकोणऐंशीव्या वर्षी इतकं हसू नये. म्हणाल्या, ती येऊ शकत नाही तर मी येते की. मला कुठे स्वादुपिंड आहे! गुडघे आहेत फक्त. पंधरा दिवस नाही, चांगला महिनाभर येते.

म्हणालो, तिला सांगू? म्हणाल्या, अजिबात नको. तुम्ही सांगितलंत तर त्यात काहीतरी जुळवाल.

२ एप्रिल, गुरुवार. घरी

काल सोडलं. घरी आल्यावर शब्दकोशात शुद्धलेखनासाठी एक शब्द बघायला गेलो, तर 'प'वर बाईंचा कागद. पथ्य. अगदी योग्य जागी ठेवला होता मी. शोधणाऱ्याने 'आ'त शोधला.

हिच्या हाती दिला. हिने वाचला आणि पाठीवर आपल्या हाताने काहीतरी लिहून फ्रिजवर लावला. माझ्या कवितेचं चुंबक वापरून.

हिला अजून काही ठाऊक नाही. मी सकाळपासून चारदा दाराकडे पाहिलं. ही म्हणाली, कोणी येणार आहे का? बेकरीवाला?

बेकरीचं हिला कुणी सांगितलं? छत्रीने! बेकरीतल्या कपाटावरचं कडवं वाचलं असणार त्याने. भर उन्हात पाऊस पडो त्याच्यावर.

४ एप्रिल, शनिवार. दुपारी

ताई आल्या. टॅक्सीतून उतरल्या, काठी टेकत दोन जिने चढून दारात उभ्या. हिने दार उघडलं. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या त्या अजून थांबलेल्या नाहीत. हिने पेल्यातलं पाणी निम्मं सांडलं. ताई शाल अंगावर घेऊन बसल्यात. उकाड्यात. काढायला तयार नाहीत.

मी विनयाने म्हणालो, ताई, शेवटी मीच हा योग जुळवून आणला म्हणायचा. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाल्कनीत आलो.

संध्याकाळी ७.१५

ताईंच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मला वाटलं, भेट. भेटच होती. पितळी तराजू. हॉस्पिटलात विजेवरचा काटा आला तेव्हा हा त्यांनी घरी मागून घेतला होता. ओट्यावर मांडला, वजनं ओळीने लावली आणि म्हणाल्या, या इन्स्पेक्टरसाहेब, तपासून घ्या. नंतर तक्रार नको.

मी चष्मा पुसला. दांडीच्या खालच्या अंगाला बारीक ठसा. ४७. माझा. स्वतः मारलेला. अडतीस वर्षांनी कडा अजून धारदार.

तरी म्हणालो, इतक्या वर्षांत फरक पडलेला असू शकतो. मनात आशा होती, खोटं कशाला लिहू. पाच ग्रॅमला जरी चार दाखवले असते तर प्रत्येक जेवणात तेवढीच सूट. सगळी वजनं लावून पाहिली. पारडी अदलून बदलून पाहिली. दार बंद करून, वारा येतोय म्हणून, पुन्हा पाहिली. केसाइतकाही फरक नाही. त्या दिवशी मी हात जरा सैल सोडला असता तर!

ताई म्हणाल्या, पास? म्हणालो, पास.

मग त्यांनी चमचा तेलाने भरला, वर सुरी फिरवून सपाट केला आणि कढईत ओतला. एक. दुसरा उद्या सकाळच्या भाजीला म्हणून वाटीत काढून ठेवला आणि वाटीवर झाकण ठेवलं. झाकणावर माझा शब्दकोश.

दोघी आत जेवताहेत. त्यांच्या पानावर बटर आहे, वासावरून कळतं. हसू येतंय मधूनमधून. माझं नाव दोनदा ऐकू आलं. ही गुणगुणतेय बहुतेक, नीट ऐकायला उठायला हवं, पण सूप गार होईल.

फ्रिजवर हिच्या अक्षरात, टपोऱ्या, सरळ:

दिवसभरात दोन.

मोजून पाहिली. आठ.